पालकांना घेऊन ये

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाला मी शाळेत आहे हे कळलं, की मठ्ठा वाढून होईपर्यंत तो तिथे येतोच : ‘आता शाळांत पूर्वीसारखी शिस्त राहिली नाही हो.’ मग त्यांच्या वेळचे सर, त्या सरांची छडी, ती कुठल्या झाडाची होती, वळ किती दिवस राहिले. सांगताना चेहरा खुललेला असतो. मार खाल्लेल्या मुलाला कुणी विचारत नाही, कारण तो मुलगा आता साठीचा झालाय आणि त्याला ते सगळं गोड वाटायला लागलंय.

मी पुण्याच्या मध्यवस्तीतल्या एका अनुदानित मराठी शाळेत पर्यवेक्षिका आहे. म्हणजे वर्गावरचे तास थोडे. गेट, जिना, मधली सुट्टी, भांडणं, माफीनामे यांचा कारभार जास्त. तिथे उभं राहून मला दिसतं ते असं : शिस्तही आहे आणि शिक्षाही आहे. शिक्षेचा फक्त पत्ता बदलला. मुलाच्या तळहातावरून उठून ती त्याच्या आईच्या पगारावर जाऊन बसली.

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी आली. स्टाफरूममध्ये तेव्हा ‘आता काय यांना ओवाळायचं का?’ हा विनोद बराच काळ चालला. एका अभ्यासू सरांनी तर कायदा काढून वाचला आणि तो सहा ते चौदा वर्षांपर्यंतच आहे, म्हणजे नववी-दहावी त्यातून सुटली, असा शोध लावला. त्यांचा आनंद टिकला नाही. अठरा वर्षांखालच्या कुणाशीही त्याचा सांभाळ करणाऱ्याने क्रूरपणे वागणं हा किशोर न्याय कायद्यानेही गुन्हाच आहे. 2015 च्या कायद्यातलं कलम 75 त्यासाठीच आहे. छडी आधी कपाटामागे गेली, मग कपाटासकट भंगारात गेली.

तिच्या जागी दैनंदिनी आली. गृहपाठ नाही, शेरा. बूट पांढरे, शेरा. शेऱ्याखाली पालकांची सही. सही नाही, म्हणून आणखी एक शेरा. आणि या सगळ्याच्या टोकाला ते एक वाक्य, जे बोलायला कुठल्याही शिक्षकाला आवाज चढवावा लागत नाही : ‘उद्या पालकांना घेऊन ये.’

सह्यांचं सांगते. खोटी सही ओळखायला फार अनुभव लागत नाही. ती फार सुबक असते. ओळीवर बसलेली, वेलांटी पूर्ण, शेवटी टिंब. खऱ्या आईबापांची सही स्कूटरच्या सीटवर नाहीतर भिंतीला वही टेकवून झालेली असते. अर्धं आडनाव पानाबाहेर गेलेलं असतं. सहावीतल्या एकाने वडिलांची सही इतकी मन लावून केली होती, की खाली तारीख घालून ‘वाचले’ असंही लिहिलं होतं. खऱ्या पालकांपैकी असं लिहिणारा मला अजून भेटायचाय.

आमचं सकाळचं सत्र सातला भरतं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासनाचा निर्णय फेब्रुवारी 2024 मध्ये आला, त्यामुळे लहान मुलं आता दुपारी येतात आणि सकाळ पूर्णपणे मोठ्यांची. सातला पाच कमी असताना पहिली घंटा, सातला दुसरी, सात-दहाला गेट बंद. घंटा इलेक्ट्रिक आहे. लाइट गेली की शिपाईकाका व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडा मारतात आणि तो आवाज पार पलीकडच्या गल्लीत जातो. लाइट गेलेल्या दिवशी उशिरा येणारे कमी असतात, हे माझं निरीक्षण आहे.

उशीर झालेल्यांची रांग गेटच्या आत डावीकडे. एका फुलस्केप वहीत नाव, इयत्ता, तुकडी, कारण. तीन लेट मार्क झाले की शेरा, सहा झाले की पालक. कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा तीनच गोष्टी असतात. ‘जाग आली नाही’ हा प्रामाणिक वर्ग. ‘पेपर’ म्हणजे मुलगा पहाटे वर्तमानपत्रांची लाइन टाकून येतो आणि पावसात गठ्ठे उशिरा आले. तिसरं कारण ‘पाणी’. वस्तीत नळाला पाणी सकाळीच येतं, आई कामावर गेलेली, भाऊ लहान. मग पाणी भरून पोरगी शाळेत. आठवीतली एक मुलगी हा शब्द इतका बारीक लिहायची, की चष्मा लावूनच वाचावा लागे. पेन धरलेल्या बोटांची टोकं सुरकुतलेली असायची.

मुलींची शाळा आणि घरचं काम यांचं भांडण या शहराला नवीन नाही. हुजूरपागा 1884 साली सुरू झाली. मुलींनी अकरा ते पाच शाळेत बसायचं, या वेळापत्रकालाच टिळकांच्या वृत्तपत्रांतून विरोध झाला होता. एवढा वेळ शाळेत गेला तर त्या घरचं काम कधी करणार, हा मुद्दा होता. शाळा टिकली. मुद्दाही टिकला. आता तो अग्रलेखात नसतो, माझ्या वहीच्या शेवटच्या रकान्यात असतो.

पाणी असेल तर मी लेट मार्क लावत नाही. हे नियमात बसत नाही. सहकारी म्हणतात, मग उद्यापासून सगळेच पाणी लिहितील. लिहीत नाहीत. मुलांना एकमेकांची घरं माहीत असतात. ज्याच्या फ्लॅटवर दोन टाक्या आहेत त्याने पाणी लिहिलं तर रांगेतली मुलंच त्याची अशी काही टर उडवतात, की पुढच्या वेळी तो निमूट ‘जाग आली नाही’ लिहितो.

मोबाइलचा नियम बघा. 2020 मध्ये अख्खी शाळाच फोनमध्ये होती. वर्गशिक्षिका घरोघरी फोन करून विनवत होत्या, ‘अहो, तासाभरासाठी तरी मुलाच्या हातात फोन द्या.’ शाळा उघडल्या आणि तोच फोन दप्तरात सापडला की जप्त. आमची पद्धत अशी : फोन पाकिटात घालायचा, पाकिटावर नाव-तुकडी, कार्यालयातल्या लोखंडी कपाटात ठेवायचा, आणि शनिवारी पालकांनी येऊन हमीपत्र लिहून न्यायचा.

एका मंगळवारी नववीतल्या मुलाकडे फोन सापडला. काचेला कोपऱ्यातून भेग, मागे पारदर्शक कव्हर, त्यात तुळजाभवानीचा छोटा फोटो आणि चार घड्या घातलेली दहाची नोट. बारा वाजायच्या आत त्याची आई कार्यालयाच्या दारात. मनगटाला कणीक वाळलेली.

‘बाई, लेकरू चुकलं. त्याला काय करायचं ते करा. पण फोन माझाय.’

‘अहो ताई, शनिवारी या,’ आमचे क्लार्क म्हणाले, ‘नियमच आहे तसा. हमीपत्र लिहायचं आणि घेऊन जायचं.’

‘शनिवारपर्यंत कामं राहतील का माझी?’

पाच घरी पोळ्या करते ती. कोण गावाला चाललंय, कुणाकडे पाहुणे आलेत, उद्या दहा की वीस, सगळं त्या फोनवर. दोन दिवस फोन लागला नाही की समोरचे दुसरी बाई बघतात. त्या दिवशी शाळेत यायला तिने दोन घरांचा खाडा केला होता. मुलगा बाजूला उभा होता. फोन कशाला आणला होतास, असं विचारल्यावर आधी बोलेना. मग म्हणाला, ‘बाई, विज्ञानाच्या प्रकल्पाचे फोटो आजच्या आज ग्रुपवर टाकायचे होते.’ ग्रुप आमच्याच शाळेचा. फोटो मागवणारे सर वरच्या मजल्यावर तास घेत होते.

फोन मी तेव्हाच परत दिला. रजिस्टरला नोंद केली : ‘फोन पालकांचा. परत केला. विद्यार्थ्यास समज देण्यात आली.’ समज देण्यात आली, हे तीन शब्द शाळेच्या दप्तरात फार उपयोगाचे. त्यात काहीही मावतं.

नियम करणारे दुष्ट होते असं मुळीच नाही. त्यांच्यासमोर वेगळी मुलं होती. तेव्हा आमच्याकडे सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतली मुलं यायची. वडील बँकेत नाहीतर कचेरीत, आई बहुधा घरी, आणि घर दोन गल्ल्या पलीकडे. पालकांना बोलावलं की आई छत्री घेऊन चालत यायची, बाईंशी बोलायची, जाताना मंडईतून भाजी न्यायची. आता त्या घरांतली नातवंडं इंग्रजी शाळांत आहेत आणि घरं कोथरूड-बाणेरला. आमच्या पटावर दत्तवाडी, दांडेकर पूल, जनता वसाहत, लोहियानगर. आई कामाला, बाप रिक्षावर किंवा सिक्युरिटीत. दैनंदिनीत मात्र अजून छापलेलं आहे : ‘पालकांनी शालेय वेळेत मुख्याध्यापकांना भेटावे.’ शालेय वेळ हीच त्यांची कामाची वेळ. ज्या घरात एक दिवस बुडाला की पगारातून वजा होतो, त्या घराला आपण वेणीला रिबीन नसल्याबद्दल दंड करत असतो, आणि दंडाची पावतीही देत नाही.

आता कुणी म्हणेल, बाईंना नियमांचंच वावडं आहे. तसं नाही. शाळेतल्या काही पद्धतींसाठी मी कुणाशीही भांडेन.

मधल्या सुट्टीनंतरची हजेरी घ्या. नव्या शिक्षकांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. सकाळी घेतली ना एकदा, मग परत कशाला? कारण सकाळी हजर असलेलं आणि मधल्या सुट्टीनंतर जागेवर नसलेलं मूल, हीच शाळेतली सगळ्यात महत्त्वाची बातमी असते. ते स्वच्छतागृहात रडत असेल, गच्चीच्या जिन्यात बसलं असेल, नाहीतर भिंतीवरून उडी मारून गेलं असेल. पाच मिनिटांत कळलं तर शोधता येतं. साडेबाराला वर्ग सुटताना कळलं तर पोलीस चौकी.

किंवा गेटपास. तास चालू असताना मूल बाहेर सोडायचं तर वर्गशिक्षकांची सही, कार्यालयाचा शिक्का, आणि न्यायला आलेल्या माणसाचं नाव प्रवेश अर्जावर असलं पाहिजे. एकदा एका मुलीचा मामा आला. आजी सिरियस आहे, ससूनला नेलंय, मुलीला आत्ता सोडा. त्याचं नाव अर्जावर नव्हतं. आईचा फोन लागेना. शिपाईकाकांनी गेट उघडलं नाही. मामा ओरडला, गेटवर लाथ मारली, ‘माणुसकी आहे की नाही’ म्हणाला. दहा-पंधरा मिनिटांनी आईचा फोन लागला. आजी खरंच सिरियस होत्या आणि मामाही खरंच मामा होता. मुलगी गेली. मामा आजही रस्त्यात भेटला तर तोंड फिरवतो. तरीही मी काकांच्या बाजूने आहे. घटस्फोटाच्या दाव्यात अडकलेली मुलं आमच्याकडे आहेत, घरातल्याच माणसाला घाबरणारी मुलं आहेत. गेटवरच्या माणसाने प्रत्येक वेळी चेहरा बघून ठरवायचं म्हटलं तर एक दिवस चुकीचा चेहरा खरा वाटणारच. तो कागद मुलीला अडवण्यासाठी नव्हता, तिच्यासाठीच होता.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये शासनाने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांबद्दल पुन्हा आदेश काढले. पुन्हा म्हणते, कारण पेटी आणि समिती आधीच्या आदेशांतही होत्या. आमची पेटीही होती. मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर, बरोब्बर कॅमेऱ्याखाली. वर्षभर तिच्यात धुळीशिवाय काही पडलं नाही, आणि अहवालात ‘तक्रारी : निरंक’. पेटी मुलींच्या बाजूच्या जिन्याच्या वळणावर हलवली, तशा चिठ्ठ्या येऊ लागल्या. ‘कूलरचं पाणी गरम येतं.’ ‘समोशात बटाटा नाही.’ ‘भूगोलाच्या सरांना हळू बोलायला सांगा.’ ती एकट्याने उघडायची नाही, दोघांसमोरच उघडायची, हे आम्ही पाळतो. बटाट्याच्या चिठ्ठीचीही नोंद होते, कारण तिला उत्तर मिळालं तरच मूल पुढची चिठ्ठी टाकतं. त्या पुढच्या चिठ्ठीबद्दल मी इथे लिहिणार नाही.

आणि मग शेंगांची टरफलं. दर 1 ऑगस्टला शाळेत भाषणं होतात. टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे यांची जयंती एकाच दिवशी. अण्णा भाऊंवर बोलणारी मुलं थोडी, टिळकांवर बोलणारी रांगेने, आणि प्रत्येकाच्या भाषणात ती गोष्ट असतेच. वर्गात टरफलं पडलेली, सगळ्यांनी उचला असं गुरुजी म्हणतात, आणि बाळ उभा राहून सांगतो : मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. टाळ्या. परीक्षकांमध्ये मी असते, मीही वाजवते. त्याच आठवड्यात आठवीच्या फळ्यावर कुणीतरी एका सरांचं चित्र काढलं. चांगलं काढलं होतं, मिशी तर अगदी हुबेहूब. कुणी काढलं? कुणी बोलेना. अख्खा वर्ग तासभर उभा. दुसऱ्या बाकावरची मुलगी हात वर करून म्हणाली, ‘सर, मी काढलं नाही, मी उभी राहणार नाही.’ दोनच दिवसांपूर्वी तिला त्या भाषणाचं बक्षीस मिळालेलं. उद्धट उत्तर म्हणून दैनंदिनीत शेरा मिळाला, पालकांना बोलावणं गेलं. आई आली, तिने शेरा वाचला आणि विचारलं, ‘पण बाई, बक्षीस तुम्हीच दिलं होतं ना?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळ्या वर्गाला शिक्षा करण्यात सोय आहे, चौकशी करावी लागत नाही, हे उत्तर पालकांना देता येत नाही.

केस, नखं, मेंदी यांवर स्टाफ मीटिंगमध्ये जितका वेळ जातो तितका नापास होणाऱ्या मुलांवर जात नाही. नववीतल्या मुलांच्या कानावरचे केस किती असावेत यावर एकदा पाऊण तास चर्चा ऐकलीय मी. मेंदीला बंदी आहे. नागपंचमी आहे, मावशीचं लग्न आहे, भोंडला आहे. मेंदी धुऊन जात नाही हे सगळ्या बाईंना स्वतःच्या हातांवरून माहीत आहे. राखीपौर्णिमेनंतर मुलगे कोपरापर्यंत राख्या बांधून येतात. ‘हातात काही घालू नये’ हा नियम त्या आठवड्यात झोपलेला असतो. झोपू दे.

मात्र एका नियमावर मी कुणाचंही ऐकत नाही, आणि नेमका तोच नियम सगळे मिळून मोडतात. ‘विद्यार्थ्यांनी स्वयंचलित दुचाकी आणू नये.’

हे एके काळी सायकलींचं शहर होतं. आमचा सायकल स्टँड पत्र्याचा, लांबलचक. आता त्याच्या अर्ध्या भागात मोडके बाक रचलेले आहेत. शाळेच्या आवारात एकही स्कूटर नसते. पण मागच्या दोन गल्ल्यांत, सोसायट्यांच्या भिंतीला लागून, सकाळी सातला ओळीने लागलेल्या गाड्या दहावीच्या मुलांच्या. कायदा असा : सोळा पूर्ण झाल्यावर परवाना मिळतो, पण तो 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. या मुलांच्या बुडाखाली असतात त्या 110 आणि 125 सीसीच्या. त्यासाठी अठरा पूर्ण लागतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ नुसार, अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. हे सगळं आम्ही पालकसभेत वाचून दाखवतो. सभेत माना हलतात. हमीपत्रावर सह्या होतात. सभा संपते, आणि त्यातलाच एक बाप बाहेर जाऊन मुलाला किल्ली देतो : ‘तू हो पुढे, मी येतो रिक्षाने.’

इथे मात्र पालकांना बोलवायला मला जड जात नाही. जे बोलावल्यावर येतात ते चारचाकीतून येतात आणि मलाच समजावतात. ‘मॅडम, शाळेतून थेट क्लासला जायचं असतं त्याला, पीएमपीच्या बसचं काय खरं असतं?’ पीएमपीबद्दल ते खोटं बोलत नाहीत. पण पोळ्या करणारी बाई ‘लेकरू चुकलं’ म्हणत दोन घरं बुडवून आली होती, आणि हे गृहस्थ हमीपत्रावर सही करायला पेनही माझंच मागतात.

परिपाठाला रोज प्रतिज्ञा होते. ती मूळ तेलुगूत पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी 1962 साली लिहिली, पण त्यांचं नाव पाठ्यपुस्तकातल्या त्या पानावर नसतं. हजारभर मुलं हात पुढे करून एका सुरात म्हणतात. निम्म्यांचा हात ‘बांधव आहेत’पर्यंत खाली आलेला असतो. मी समोर उभी असते आणि रोज एकाच वाक्यापाशी माझं लक्ष जातं. पालकांचा, गुरुजनांचा आणि वडीलधाऱ्या माणसांचा मान ठेवीन, हे झालं. पण वाक्य तिथे संपत नाही. पुढे ‘आणि प्रत्येकाशी सौजन्याने वागेन’ असं आहे. हा दुसरा भाग आम्हालाही लागू आहे, कारण आम्हीही हात पुढे करूनच उभे असतो. आमची नियमावली पहिल्या भागावर थांबते. विद्यार्थ्यांनी काय करावं, काय करू नये, याची पानं भरलीत. शेरा लिहिण्याआधी मुलाचं म्हणणं ऐकून घ्यावं, एवढी ओळ कुठेच नाही.

गंमत म्हणजे या सगळ्या शेऱ्यांचं पुढे काहीच होत नाही. दहावी झाली की शाळा सोडल्याचा दाखला निघतो. त्यात ‘वर्तणूक’ असा रकाना असतो. आमचे क्लार्क तिथे सगळ्यांना ‘चांगली’ लिहितात. फळ्यावर चित्र काढणाऱ्याला, भिंतीवरून उडी मारणाऱ्याला, सुबक सही करणाऱ्याला. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘बाई, कॉलेजात प्रवेश घ्यायचाय त्याला. आपण कशाला आडवं यायचं?’ दैनंदिन्या मुलं रद्दीत घालतात. पालकांचे खाडे मात्र त्या त्या महिन्यात वसूल झालेले असतात.

गेल्या उन्हाळ्यात दैनंदिनीची नवी आवृत्ती करायची होती. मी दोन गोष्टी मांडल्या. एक, शेऱ्याच्या चौकटीत मुलाचं म्हणणं लिहायला दोन ओळी. दुसरी, पालकांना शाळेच्या वेळेत बोलवायचं नाही. महिन्यातून दोन शनिवारी संध्याकाळी सात ते साडेआठ शाळा उघडी ठेवायची, ज्यांना यायचंय ते येतील. आणीबाणी असेल तर गोष्ट वेगळी.

पहिली लगेच मान्य झाली, कारण तिला खर्च नव्हता. मुलं त्या दोन ओळींत काय काय लिहितात ते वाचण्यासारखं असतं. ‘मी बोलत नव्हतो, मी उत्तर सांगत होतो’ हे एकाचं. ‘शेजारच्याला विचारा’ हे दुसऱ्याचं. शेजारच्याचंही लिहिलेलं असतं : ‘मला काही माहीत नाही.’

दुसऱ्यावर बरंच बोलणं झालं. तरुण शिक्षिका म्हणाल्या, आम्ही हडपसरहून, सिंहगड रोडवरून येतो. सकाळी साडेपाचला घर सोडायचं आणि रात्री साडेआठपर्यंत थांबायचं? आमची मुलं कोण बघणार? त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या मुलांच्या शाळेतूनही त्यांना अकरा वाजता बोलावणं येतं आणि त्यांनाही अर्धी रजा टाकावी लागते. शेवटी एका शनिवारवर तडजोड झाली, पाळीपाळीने चार शिक्षक थांबतील असं ठरलं. पहिल्या शनिवारी गर्दी झाली. कामावरून परस्पर आलेल्या बाया, सिक्युरिटीच्या निळ्या शर्टातले बाप, दोन आज्या. एक जण तर शेरा नसतानाही आला. म्हणाला, मुलगा पाचवीपासून इथे आहे, शाळा आतून बघितलीच नव्हती, म्हणून आलो. त्याला प्रयोगशाळा दाखवली.

शिपाईकाकांना त्या दिवसाचा जादा भत्ता कोण देणार, हा प्रश्न अजून संस्थेच्या बैठकीत आहे. काका तोपर्यंत थांबतात. पण नऊच्या पुढे एक मिनिटही नाही, असं त्यांनी लेखी दिलंय, आणि ते मी फाइलला लावलंय.